पानठेल्यावरचा लिव्हरपूलवाला

"मावशी, मी वणी तालुक्यातला. घरची शेती करतो आणि शाळेत होतो तेव्हापासून इंग्लंडच्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबचा सपोर्टर आहे. क्रिकेटनं बाकीचे खेळ गिळले, शंकरपटाच्या बैलशर्यती म्हणजे मुक्या जनावराचे हाल, अन् पुढाऱ्यांनी खेळापासून लांब राहावं, ही माझी मतं. मी ती लपवत नाही. बाबा म्हणतात, 'त्या गोऱ्याइचं तुले काय करा लागते?' आता माझ्या जिगरी दोस्तानं टेनिस बॉलचे सामने भरवले. बॅनरवर एका 'भावी जिल्हा परिषद सदस्या'चा हा एवढा फोटो! मी पानठेल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, हे सामने नाहीत, मतांची भीक आहे. तेव्हापासून तो बोलत नाही. बाबा तर त्या हरभऱ्याच्या भानगडीपासूनच बोलत नाहीत. मी मतं मांडणं सोडू का?"

नको सोडू. मत नसलेला सपोर्टर कोणत्याच मैदानावर शोभत नाही. पण पत्रात हरभऱ्याचा प्रकार तू कंसात दोन ओळींत उरकलास, मी तिथूनच सुरू करते.

युरोपातले मोठे सामने थंडीत आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात, आणि ओलिताची लाईनही तुमच्याकडे रात्रीचीच. म्हणजे जागरण कोणाला चुकलं नव्हतं. तू मोटार सुरू केलीस, घोंगडी घेऊन धुऱ्यावर बसलास, मोबाइलमध्ये डोकं घातलंस आणि स्प्रिंकलरचे पाइप पुढे सरकवायचे राहून गेले. एकाच पट्ट्यावर रात्रभर पाणी. काळ्या जमिनीत हरभऱ्याला एवढं पाणी झालं की झाडं पिवळी पडणारच, तशी ती पडली. आता बाबांचा राग फुटबॉलवर आहे असं तू धरून चाललास. मला तो पट्ट्यावरचा वाटतो. 'गोऱ्याइचं' हे वरवरचं बोलणं झालं. जवान पोराला 'तुझ्यामुळं नुकसान झालं' असं सरळ म्हणणं कित्येक बापांना जमत नाही, मग ते इंग्लंडवर घसरतात. तू एकदा पट्ट्यात उभा राहून त्यांना म्हण, बाबा, हे माझ्यानं झालं. आणि पुढच्या सामन्याला हाफटाइमचा अलार्म लाव. पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात पाइप सरकवून होतात.

आता शंकरपटाचं. बाबा दरवर्षी पटाला जातात असं तूच लिहिलंस, आणि स्वतःची जोडी त्यांनी कधी पळवली नाही हेही. म्हणजे दुसऱ्याची जोडी, दुसराच धुरकरी, आणि जीव टांगणीला यांचा! कोणती जोडी किती सेकंदांत गेली हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पट बंद केले. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या त्या सात वर्षांत बाबांनी कोर्ट, सरकार, शहरातले प्राणीमित्र, आमदार, खासदार यांच्यातलं कोणाला सोडलं? खेळ, संस्कृती आणि राजकारण, तिन्हींवर एका दमात बोलणारा माणूस तुझ्या घरात आधीपासून बसलाय रे. लिव्हरपूलचं वेड तुला मोबाइलनं लावलं असेल, सपोर्टरपण घरचंच आहे.

बैलांबद्दल तुझं म्हणणं मला पटतं. शेपटी पिरगाळणं, काठीला खिळा लावून टोचणं हे अजून चालतं, आणि ते कायद्यात बसत नाही. बोल ना त्यावर. पण पटावर पाय न ठेवता 'बंदच करा' म्हणतोस, तेव्हा बाबांना तू शहरातल्या वकिलासारखा ऐकू येतोस. या वर्षी त्यांच्यासोबत जा. जे खटकेल ते तिथंच दाखव. जोड्या ओळखणारा माणूस बैलाचे हालही ओळखतो, मात्र ते त्याला परक्यानं सांगितलेलं चालत नाही.

क्रिकेटवरचा राग मात्र मला नुसता चिडका वाटला. खापरखेड्याकडच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव भारतासाठी खेळला. विदर्भानं २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली, नंतर आणखी दोनदा. तुझा तालुकाही खाणींचाच. तिथल्या पोरांना क्रिकेटमध्ये आपला माणूस दिसतो, यात त्यांचं काय चुकलं? विजय बारसे यांनी नागपुरात २००१ मध्ये झोपडपट्टीतली पोरं घेऊन फुटबॉल उभा केला, तेव्हा क्रिकेटचं वेड काही कमी नव्हतं. ते क्रिकेटला शिव्या देत बसले असते तर त्या पोरांना चेंडू मिळाला नसता. आणि एक विचारू? पत्रात भारतीय फुटबॉल संघाचं नाव एकदाही नाही. २०१८ मध्ये मुंबईत त्या संघाचा कर्णधार सुनील छेत्रीनं चिनी तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) हॅटट्रिक केली, बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. मग त्यानं व्हिडिओ काढून हात जोडले. टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या, असं तो युरोपातल्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना खास नाव काढून म्हणाला. म्हणजे तुलाच. पुढचा केनियाविरुद्धचा सामना हाऊसफुल्ल झाला.

राहिला दोस्त. पुढाऱ्यांनी खेळापासून लांब राहावं म्हणतोस, पण राजकारण आणि खेळ वेगळे ठेवता येत नाहीत हे लिव्हरपूलवाल्याला मी काय सांगू? १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली, ९७ जीव गेले आणि दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. पोलिसांचं चुकलं, प्रेक्षकांचं नाही, हे ज्यूरीकडून वदवून घ्यायला गेलेल्यांच्या घरच्यांना २०१६ साल उजाडलं. ज्या वृत्तपत्रानं खोटं छापलं ते त्या शहरात आजही कित्येक जण हातात धरत नाहीत. हे राजकारण नाही तर काय आहे?

तेव्हा पुढाऱ्याच्या फोटोवर आक्षेप घ्यायचा तुला हक्क आहे. फक्त तुझ्या आवडत्या जर्सीकडे एकदा बघ. छातीवर २०१० पासून एका बँकेचं नाव आहे. तुझ्या दोस्ताला बँक कुठून मिळणार? बॉल, ट्रॉफी, लाइट, मंडप, पहिलं बक्षीस, सगळ्याला पैसा लागतो, आणि आपल्या गावात तो देणारा बहुतेक वेळा कोणीतरी 'भावी' असतो. दोस्त दारोदार पावतीबुक घेऊन फिरत होता तेव्हा तू किती दिलेस, हे पत्रात कुठं सापडलं नाही.

तुझ्याच क्लबच्या सपोर्टरांनी २०१६ च्या फेब्रुवारीत काय केलं ते आठव. तिकीट ७७ पौंडांवर नेणार म्हटल्यावर संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. संघ २-० नं पुढे होता, संपला तेव्हा २-२. थोड्याच दिवसांत मालकांनी माफी मागून भाव मागे घेतले. त्यांनी आपल्या पैशानं घेतलेली खुर्ची सोडली होती. तू पानठेल्यावर काय सोडलंस? खर्राही थुंकला नसशील.

दोस्ताकडे आज संध्याकाळी एकटा जा, घरी. 'मत मागे घेतो' म्हणू नको, ते खोटं होईल. 'सगळ्यांसमोर बोलायला नको होतं' एवढं म्हण. मग कामाचं बोल. पुढच्या वर्षी फोटो नको असेल तर बक्षिसाचे पैसे गावातून गोळा करायचे, आणि पहिली पावती तुझी. त्याच मैदानावर एक दिवस सात-सात जणांचा फुटबॉल लावायला जागा माग. फक्की तू मार, गोलचे बांबू तू रोव, आणि कोणी आलं नाही तरी तोंड पाडून बसू नको. तो लगेच हो म्हणेल असं नाही. आठवडाभर 'हं' वर भागवेल. ते सहन कर, बोललास ते त्याच्या चार दोस्तांदेखत होतं.

तळाशी विचारलंस, मुलगी पाहायला लाल जर्सी घालून जाऊ का. नको, शर्ट घाल. पण तिनं आवड विचारली तर फुटबॉल लपवू नको. मग तिची आवड विचार, आणि तिचं सांगून होईपर्यंत ऑफसाइड समजावायला बसू नको.

तुझी,
मावशी