स्काउटचं चिन्ह टी-शर्टवर छापून पुण्यात विकता येईल का?

नाही, 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' हे नाव आणि त्याचं चिन्ह विक्रीच्या टी-शर्टवर केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय छापता येत नाही, मग दुकान अप्पा बळवंत चौकात असो की ऑनलाइन. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, 1950 च्या कलम 3 मध्ये धंदा-व्यवसायासाठी असा वापर करायला मनाई आहे, आणि ही नावं-चिन्हं कायद्याच्या अनुसूचीत दिली आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही त्याच अनुसूचीत आहे, हे आपल्याकडच्या छपाईवाल्यांनी आवर्जून वाचावं.

'थोडी नक्षी बदलतो' ही पळवाट चालत नाही, कारण हुबेहूब भासणारी नक्कलही त्याच कलमात येते. शिवाय या चिन्हात मधोमध अशोकचक्र आहे आणि तेही स्वतंत्रपणे संरक्षित आहे. असं नाव-चिन्ह असलेला ट्रेडमार्कही नोंदवून मिळत नाही (कलम 4).

मात्र ही बंदी व्यापारी वापरापुरती आहे. शाळेच्या नोंदणीकृत पथकानं स्वतःच्या फलकावर चिन्ह लावणं वेगळं; तिथे संस्थेचे नियम लागू होतात, म्हणून आधी जिल्हा संस्थेला लेखी विचारा. जागतिक स्काउट चिन्ह वापरायचं असेल तर त्याचे हक्क वर्ल्ड स्काउट ब्यूरोकडे आहेत, परवाना तिथूनच घ्यावा लागतो. मुलं हा बॅज वचन घेऊन मिळवतात. तो कुणालाही विकत मिळू नये, असं मला मनापासून वाटतं.