टेम्पो भरेपर्यंत

प्रिय पोरी,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाच्या वेळी वाचला. मालिकेत नायिकेच्या धाकट्या नणंदेचं काम मिळतंय, त्यासाठी नाट्यशास्त्राचं दुसरं वर्ष अर्धवट सोडावं लागेल, आणि घरचे म्हणतात की नाहीतरी ती पदवी घेऊन पुढे काय. त्याचं उत्तर देतोच. पण माझं डोकं फिरलं ते मधल्याच एका वाक्यानं. ‘प्रयोगानंतर मालिकावाल्यांचा माणूस भेटला, म्हणून लगेच त्याच्याबरोबर निघाले.’ म्हणजे सेट उतरवायला तू नव्हतीस.

टेम्पो भरेपर्यंत थांबायचं असतं. शेवटची लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा लाकडी चौथरा, आत गेली, दोरी आवळली, की मग चहा, मग कौतुक, मग कुणाला भेटायचं ते भेट.

तुला वाटेल, म्हातारा शिस्तीचं पुराण लावतोय. शिस्त गेली खड्ड्यात. नाटक कसं बांधलंय ते मोडताना कळतं, म्हणून सांगतोय. आपल्या नाटकाची भिंत आठ फुटांची का, दहाची का नाही? दहाची टेम्पोत मावत नाही म्हणून. जिना दोन तुकड्यांत का, दाराची चौकट बिजागरीवर का दुमडते? दुपारी दादरला शिवाजी मंदिर आणि रात्री ठाण्यात गडकरी रंगायतन, अशा दिवशी मधल्या काही तासांत हे सगळं उतरून, तिकडे नेऊन पुन्हा उभं राहायचं असतं. हे एकदा हातानं केलेला नट रंगमंचावर वेगळा चालतो. कुठली फळी करकरते ते त्याला ठाऊक असतं.

१९९३ साली मीही दुसऱ्या वर्षाला होतो. तेरा भागांची मालिका आली, मी वसतिगृहातली गादी गुंडाळून मुंबई गाठली. सहाव्या भागात माझं पात्र नोकरीसाठी परगावी गेलं, ते परत आलंच नाही. पैशाच्या लोभानं गेलो नव्हतो, हे आजही सांगतो. बहिणीचं लग्न होतं, घरात कमावतं कुणी नव्हतं. (लग्न त्यानंतर अडीच वर्षांनी झालं. असो.)

माझं राहिलं ते तिसरं वर्ष. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली कोलकात्यात ‘अंगार’ नाटकात नुसत्या प्रकाशानं कोळशाच्या खाणीत पाणी चढताना दाखवलं, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी एका तासाला सांगितलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही. प्रकाशयोजनेचा पेपर तिसऱ्या वर्षाला होता. जे तिथे एका वर्षात समजलं असतं, ते मी दुसऱ्यांचे स्पॉटलाइट खांद्यावर वाहत, शॉक खात नऊ वर्षांत शिकलो. लोक म्हणतात, अनुभवातून शिकलात ते पक्कं. कसलं पक्कं! नऊ वर्षं गेली माझी. पण त्या नऊ वर्षांत टेम्पो भरल्याशिवाय एकदाही घरी गेलो नाही, आणि पुढचं प्रत्येक काम मला त्या टेम्पोपाशीच मिळालं. निर्माता हिशेब चुकता करून निघतो तेव्हा समोर कोण उभं असतं, बघ कधी तरी.

आता घरचे. ते तुला डॉ. लागूंचं उदाहरण देणार, आगाशेंचं, जब्बार पटेलांचं. डॉक्टरकी सांभाळून नाटक केलं की नाही त्यांनी? केलं. पण लागूंनी १९६९ साली चालती प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटक धरलं, हे सांगताना सगळ्यांचा आवाज बसतो. आणि तालमीला सात वाजता सोडणारी नोकरी तुला कोण देणार आहे?

पदवीनं काय होतं, तर काही दारं बंद होत नाहीत, एवढंच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला अर्ज करायचा तर आधी पदवी लागते. मला ते एकतिसाव्या वर्षी कळलं. विद्यापीठात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट ही पात्रता परीक्षा, त्यात नाटक हा विषय आहे. आमच्या वर्गात आम्ही बारा जण होतो, त्यातले पाच आज नाटकाच्या विद्येवर जगतात आणि त्यात नायक एकही नाही. एकजण डबिंग करतो, एकीचं रंगभूषेचं काम बारा महिने चालतं, एक शाळेत नाटक शिकवते, एक विभागात प्राध्यापक आहे, पाचवा मी. वर्गातला सर्वांत देखणा मुलगा गावी सिमेंटची एजन्सी चालवतो. सुखात आहे, त्याला नावं ठेवत नाही.

मालिका वाईट नाही, तसं म्हणणारे ढोंगी. पण आज केलेल्या दिवसाचे पैसे नव्वद दिवसांनी हातात पडतील, सेटवर बारा-तेरा तास जातील, आणि धाकटी नणंद कधीही परगावी जाऊ शकते. तारखा परीक्षेनंतरच्या मिळतात का, ते विचार. विचारायला लाज वाटते? मग रंगमंचावर उभी कशी राहतेस? नाही म्हणाले तर नाही. तिसरं वर्ष संपव आणि मग खुशाल जा, मीच तुला स्टेशनवर सोडायला येईन. मध्येच उठून जाऊ नकोस. टेम्पो भरायचा राहिलाय.

शनिवारी रात्री साडेआठचा प्रयोग आहे. माझ्याकडे लाइट्सला एक हात कमी आहे. नाईटचे, म्हणजे त्या एका प्रयोगाचे, पैसे मिळतील, फार नाहीत. चार वाजता मागच्या गेटला ये. चप्पल नको, बूट घालून ये, खिळे असतात. आणि घरी सांगून ठेव, परतायला दोन वाजतील.

तुझा,
सर