शास्त्रज्ञ आणि गावकरी मिळून तलाव वाचवतात हे खरंच कुठे होतं का?

तुमच्या गावच्या तलावात बेशरम (पाण्यात, काठावर झपाट्याने पसरणारं झुडूप) माजलीय आणि शास्त्रज्ञ-गावकरी एकत्र काम करतात ते फक्त फोटोपुरतं असतं का, असं तुम्ही विचारलंय. फोटोपुरतं नसतं. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे हे झालंय, म्हणून तेच सांगतो.

इकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले) तलाव, पूर्व विदर्भात साडेसहा हजारांच्या वर. कोहळी या शेतकरी समाजाने धानासाठी बांधलेले, मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या ढिवर या मासेमार समाजाची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ (तलावाचा बांध) बघणं, गाळ काढणं हे कुणाचंच काम उरलं नाही. त्यात बेशरम पसरली, रोहू-कटल्याचं बीज विकत आणून सोडायची पद्धत पडली आणि मरळ, वाघूर, शिंगी हे गावठी मासे कमी होत गेले.

अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने काय केलं तर सरळ ढिवरांना विचारलं. अर्जुनी मोरगाव भागातल्या पतिराम तुमसऱ्यांसारख्या जुन्या माणसांना कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कुठे लपतो, काय खातो हे तोंडपाठ होतं, फक्त ते कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं. अभ्यासकांनी त्या वनस्पतींची शास्त्रीय ओळख पटवली, नोंदी ठेवल्या. मग उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटली, तळाची जमीन धानाच्या बांधीसारखी नांगरली आणि दुसऱ्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती तिथे लावल्या, गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण घातलं. या कामात ढिवर बायका मोठ्या संख्येने होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मासळी कमी झाली की घरातली झळ पहिली त्यांनाच बसते.

झाडं आली तसे गावठी मासे परत दिसायला लागले, पक्षीही आले.

आता तुमच्यासाठी. बेशरम नुसती कापू नका, तिच्या कांडीतूनच नवीन फुटतं, कापलेले तुकडे पाण्यात राहिले तर आणखी पसरेल. गाळ काढायला जेसीबी आला तर काठाचा उतार राखायला सांगा, सगळीकडे सरळ खड्डा केला की उथळ पाण्यातल्या वनस्पतींना जागाच राहत नाही आणि अंडी घालायला मासा जाणार कुठे? ग्रास कार्प हा मासा सोडू नका, तो लावलेलं सगळं खाऊन टाकेल. जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना नक्की बोलवा, पण त्यांना ग्रामपंचायतीत बसवून चहा पाजू नका, थेट मासेमारी संस्थेच्या म्हाताऱ्या सभासदांसोबत तलावावर फिरवा आणि कुठलं झाड आधी होतं, आता नाही, याची यादी त्यांच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या. उन्हाळ्याआधी यादी झाली तर लागवड याच पावसाळ्यात होईल.