‘रंकाळा’ म्हणजे बातमी नव्हे

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात बीए सेकंड इयरला आहे. आमच्या कॉलेजचा आठ पानांचा पेपर महिन्यातनं एकदा निघतो आणि यंदा संपादकपद माझ्या गळ्यात पडलंय. मीटिंगला दहा-बारा जण येतात, मी फळ्यावर विषय लिहिते, ट्रॅफिक, कचरा, रंकाळा, पूर, सगळे हो हो म्हणतात आणि पंधरा दिवसांनी कुणाकडंच काही नसतं. शेवटी गॅदरिंगचे फोटो आणि दोन कविता लावून पानं भरतो. लोकल बातम्यांचं प्लॅनिंग नेमकं करतात कसं?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : अगं, घोटाळा तुझ्या फळ्यावरच आहे. रंकाळा ही बातमी नव्हे, तो तलाव आहे. एखाद्या पोराला ‘रंकाळ्यावर लिही’ म्हटलं की तो बिचारा संध्याकाळी जाणार, भेळ खाणार, दोन फोटो काढणार आणि घरी येऊन ‘कोल्हापूरचे वैभव असलेला’ अशी सुरुवात करणार. त्यात त्याची चूक काय, त्याला जायला सांगितलं पण काय विचारायचं ते कुणी सांगितलंच नाही.

फळ्यावर प्रश्न लिही. आणि प्रश्न असा पाहिजे की एका जागी जाऊन, दोन-तीन माणसांना भेटून त्याचं उत्तर मिळेल. पूरच घे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरांना पण पाठ असतं, पावसाळ्यात माणूस भेटला की ‘जेवलास काय’च्या आधी ‘किती फूट झालं’ विचारतो. ते आकडे मोठे पेपर आणि व्हॉट्सॲप तासातासाला देतात, तू महिन्यानं देऊन काय उपयोग? पण शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जा आणि विचार, की मामा, पाणी किती फुटांवर गेलं की तुम्ही गणपती हलवायला काढता? पूर आणि गणपतीचा सीझन नेमका एकावर एक येतो, २०१९ ला आणि २०२१ ला त्या भागात पाणी शिरलं होतं. मग रंग न दिलेल्या मूर्ती कुठं नेतात, त्या जागेचं भाडं कोण भरतं, टेम्पोवाला त्या दिवसात किती घेतो, ॲडव्हान्स दिलेल्या मंडळाला काय सांगतात, एवढं तीन घरांत विचारलंस तरी तुझं अर्धं पान भरलं. आणि हे तुला पूर यायच्या आधी, जूनमध्येच करता येतंय, तेव्हा त्यांना बोलायला पण वेळ असतो.

आता वहीत कसं मांडायचं ते सांगतो, मी अजून असंच करतो. वर प्रश्न, एका वाक्यात. दोन वाक्यं लागली तर अजून विचार झालेला नाही. त्याच्याखाली तीन माणसं : ज्याला झळ बसते तो, ज्याच्या हातात ते काम आहे तो (महापालिका असेल, कलेक्टर ऑफिसचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष असेल), आणि तिसरा असा की जो दोघांचा कुणीच नाही पण रोज बघत असतो, कोपऱ्यावरचा चहावाला म्हण. मग कोण जाणार त्याचं नाव, आणि एकच नाव, कारण ‘आपण सगळे जाऊया’ म्हटलं की कुणीच जात नाही हे ट्रीपपासून आपल्याला माहीत आहे. फोटो कोण काढणार. आणि तारीख. ही तारीख मजकूर द्यायची नाही, पहिली चक्कर मारायची. पोरं डेडलाईन चुकवतात ती शेवटाला नाही, सुरुवातीलाच चुकवतात. तीन दिवसांत कुणी कुणाला भेटलं नाही तर ती बातमी त्याच्या नावावरनं काढ, दुसऱ्याला दे, रुसला तर रुसू दे. आणि पानाला लागतात त्याच्या दीडपट-दुप्पट बातम्या ठरवून ठेव, निम्म्या पडतातच.

ट्रॅफिकचं पण तसंच. तुमच्यातली निम्मी पोरं करवीर, पन्हाळा, कागलकडनं एसटीनं नाहीतर केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं, येत असतील. तिघांनी आठवडाभर एकाच स्टॉपवर उभं राहून बस यायची वेळ काय आणि खरोखर आली कधी, थांबली का तशीच पुढं गेली, एवढंच वहीत टिपायचं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडी थांबलीच नाही तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय, हे तुझ्या वर्गातलीच एखादी पोरगी सांगेल. तुमचे स्वतःचे मोजलेले आकडे कुठल्याच पेपरकडं नसतात, हे लक्षात ठेव.

प्रश्न : आमचा अंक महिन्यानं निघतो. तोपर्यंत सगळ्या बातम्या शिळ्या होतात. मग काय इतिहासच छापायचा का?
(शिवाजी पेठ)

उत्तर : भावा, शिळी होते ती झालेली गोष्ट. व्हायची गोष्ट शिळी होत नाही! वर्षाचं कॅलेंडर भिंतीला लाव आणि ज्या तारखा आधीच माहीत आहेत त्या लाल पेननं मार. अंबाबाईचा किरणोत्सव ९ नोव्हेंबरपासून आणि परत ३१ जानेवारीपासून, हे काय कुणी तुला त्या दिवशी सकाळी सांगायला नको. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीच्या पायावर, मग कमरेपर्यंत, मग चेहऱ्यावर, आणि मध्ये इमारतींचे अडथळे. म्हणजे ऑक्टोबरमध्येच महाद्वार रोडनं चालत जाऊन, फिजिक्सच्या सरांना सोबत घेऊन, सूर्य मावळतीला कुठनं येतो आणि कुठं अडतो याचं चित्र काढून छापता येतंय. केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, त्यावर सगळ्यांनी लिहिलं. तुम्ही ऑगस्टच्या अंकात एवढंच विचारा की त्यानंतर आपल्या कॉलेजच्या एकांकिकेनं तालीम कुठं केली, प्रयोग कुठं लावला आणि खर्च किती वाढला. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे कोल्हापुरात बसणारं न्यायपीठ, १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, ते सीपीआर हॉस्पिटलच्या समोर, मग त्या भागातल्या झेरॉक्सवाल्याचं आणि कॉट बेसिसवर रूम देणाऱ्याचं काय बदललं?

फुटबॉलचं मात्र जपून. स्कोअर छापू नको, सीझनमध्ये महिन्यात इतक्या मॅच होतात की तुझा अंक येईपर्यंत टेबल उलटंपालटं झालेलं असतं. त्यापेक्षा पेठेतल्या टीमकडनं खेळणारी आपल्याच कॉलेजची पोरं परीक्षा आणि शाहू स्टेडियम हे दोन्ही कसं जमवतात ते लिही. आणि नावं तीनदा तपास. मी नवीन असताना एका टीमचा गोल दुसऱ्या टीमच्या नावावर घातला होता, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खाली किती मोटरसायकली होत्या ते मोजायचं धाडस माझ्यात नव्हतं.

प्रश्न : सरकारी ऑफिसात गेलो की ‘तुम्ही पत्रकार आहात का, कार्ड दाखवा’ म्हणतात आणि बाहेर काढतात.
(कसबा बावडा)

उत्तर : मग कार्ड न लागणारा रस्ता धर. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, अर्जाला १० रुपये, आणि साधारण ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. आपल्या महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत, त्यामुळं निबंध लिहू नको. अर्ज पेपरच्या नावानं नको, स्वतःच्या नावानं कर. आणि ‘अमुक काम का झालं नाही’ असं विचारलंस तर पोकळ उत्तर येणार, कारण त्यांनी कागद द्यायचा असतो, खुलासा नाही. ‘या कामाच्या वर्क ऑर्डरची आणि बिलांची प्रत द्या’ असं माग. यातला महिना धरूनच प्लॅन कर, म्हणजे डिसेंबरच्या अंकाचा अर्ज ऑक्टोबरमध्ये. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, आणि अपील केलंय हे पण छापता येतं.

प्रश्न : मी पेपरची मार्गदर्शक प्राध्यापिका आहे. पहिल्या पानावर प्रमुख पाहुण्यांचा सत्कारच पाहिजे असा वरनं आग्रह असतो. पोरं नाराज होतात.
(नाव नको)

उत्तर : मॅडम, सत्कार पान आठवर घ्या, रंगीत, मोठ्ठा फोटो, सगळ्यांची नावं शुद्ध. मागचं पान माणसं सगळ्यात आधी बघतात असं वर सांगा, ते काही खोटं नाही, आमच्या घरी तर पेपर मागनंच वाचतात. पहिलं पान तेवढं पोरांना सोडवून द्या.