पासवर कारण काय लिहिलं होतं?

पत्र (थोडं काटछाट करून; गावाचं नाव मी गाळलं आहे)

प्रिय मावशी,

2020च्या एप्रिलमध्ये धाकट्या बहिणीचा फोन आला. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी दिली आहे तिला. बाथरूममधून, नळ चालू ठेवून बोलत होती. मेहुण्यांचं कापडाचं दुकान बंद, माणूस चोवीस तास घरात. पूर्वी कधीमधी हात उचलायचे, आता रोजचं झालं होतं. मी पुण्यात, जिल्ह्यांच्या हद्दी बंद. मी लगेच तिला महिला हेल्पलाइनचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तो मेहुण्यांनी वाचला, यात माझा काय दोष? तिने नंबर लावलाही. तिकडून पोलिसांकडे जायला सांगितलं आणि पोलीस बंदोबस्तात. "लॉकडाऊन उठू दे, मग बघू," म्हणाले. जुलैत तिने विचारलं, "ताई, न्यायला येशील?" मी म्हटलं, पास मिळत नाही गं. ऑगस्टमध्ये तिचे चार-पाच मिस्ड कॉल येऊन गेले, पण सासूबाईंच्या हट्टापायी तेव्हा आम्ही पास काढून गणपतीला संगमेश्वरला गेलो होतो आणि तिथे रेंज नसते. त्यानंतर तिने फोन केला नाही. अजून तिथेच नांदते आहे. गेल्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाला आली. पंगतीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, माझ्या पानावर भाताची मूद ठेवून पुढे गेली. सगळी यंत्रणाच कोलमडली होती, माझ्या हातात काही नव्हतं, हे तिला कसं पटवून देऊ? भावाला मध्ये घालू का?

– एक दुखावलेली मोठी बहीण, पुणे

उत्तर

ताई,

तुमचं मूळ पत्र तीन पानी आहे. त्यातली दोन पानं सरकार, पोलीस आणि हेल्पलाइनवर खर्ची पडली आहेत. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडकले. मिस्ड कॉल का घेता आले नाहीत हे सांगता सांगता, रेंजच्या आधी तुम्ही तीन शब्द टाकून गेलात. "आम्ही पास काढून."

म्हणजे पास मिळत होता.

त्या वर्षी कोकणात गणपतीला जाणं म्हणजे खायचं काम नव्हतं, मला चांगलं आठवतंय. चतुर्थी 22 ऑगस्टची. 12 तारखेच्या आत गावात पोचायचं आणि 10 दिवस घरातच अलग राहायचं. गावं तर 14 दिवसांवर अडून बसली होती, सरकारनं ते 10 वर आणलं. एसटीनं गेलात तर पासची गरज नव्हती, स्वतःच्या गाडीला मात्र ई-पास हवाच. शेजारच्या दोन घरांचे अर्ज मीच मोबाइलवर भरून दिले होते, त्यामुळे त्यातले रकाने अजून डोळ्यांपुढे आहेत. गाडीचा नंबर, सोबत कोण कोण, कुठून कुठे, परत कधी. आणि प्रवासाचं कारण. तुम्ही ते सगळं नीट भरलंत, कुंभार्ली घाट उतरलात, दहा दिवस माडीवर काढलेत, दूध-किराणा ओटीवर ठेवायला लावून आत घेतलात. सासूबाईंचा हट्ट पुरवलात. छान केलंत, उपरोधानं म्हणत नाही.

पण बहिणीच्या गावाचा अर्ज भरला होतात का? तीन पानांत "अर्ज केला आणि फेटाळला" असं वाक्य शोधून सापडलं नाही. "पास मिळत नाही गं" एवढंच आहे. लहान मुलानं गोळी मागितली की आपण "दुकान बंद आहे" म्हणतो ना, तसं.

फेटाळला गेलाही असता. मारकुट्या नवऱ्याच्या घरातून बहिणीला आणायचं आहे, हे कारण त्या रकान्यात नेमकं कुठे बसवायचं याची पंचाईत झाली असती. पण मग फेटाळल्याचा मेसेज तरी तुमच्या फोनमध्ये राहिला असता. आज तो तिच्यापुढे धरता आला असता. तुम्हाला तिला जे "पटवून" द्यायचंय, ते त्या एका मेसेजनं पटलं असतं.

आता तुमची यंत्रणा. ती कोलमडली होती, यात वाद नाही. 24 मार्च 2020च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद. मारणारा आणि मार खाणारी एकाच खोलीत कोंडले गेले, फोन कितीतरी घरांत एकच, आणि तो त्याच्या हातात. राष्ट्रीय महिला आयोगाकडे टाळेबंदीआधीच्या 25 दिवसांत घरगुती हिंसाचाराच्या 123 तक्रारी आल्या होत्या. 23 मार्च ते 16 एप्रिल या पुढच्या 25 दिवसांत 239. या नुसत्या ईमेल-फोन हाताशी असलेल्या बायकांच्या. गरीब बायका कागदावर लिहून पोस्टानं तक्रार धाडतात आणि टपालच अडकलं होतं. म्हणून 10 एप्रिलला आयोगानं व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर सुरू केला. न्यायालयं फक्त तातडीचं ऐकत होती. निवारागृहात जावं तर आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा. गावोगावच्या आशा आणि अंगणवाडीताई, ज्यांना कुणाच्या घरात काय शिजतंय ते माहीत असतं, त्या दारोदार ताप मोजत फिरत होत्या. पुणे जिल्हा परिषदेनं एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं की बायकोला मारणाऱ्याला उचलून संस्थात्मक विलगीकरणात ठेवू. मला तेव्हा ते वाचून हसू आलं होतं आणि मग वाटलं होतं, अरे, हे खरंच चांगलं आहे, घराबाहेर बाईनंच का जायचं? पण तुमच्या बहिणीचा जिल्हा वेगळा.

तेव्हा यंत्रणेवरची तुमची दोन पानं मला मान्य. तिसरं पान नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळातली, म्हणजे बरोबर तुमच्याच दिवसांची. मारहाण सोसलेल्या बायकांपैकी फक्त 14 टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली. चारांतल्या तिघींनी तर कुणाला सांगितलंसुद्धा नाही. आणि ज्यांनी मागितली त्यांनी सगळ्यात जास्त कुणाकडे मागितली? माहेरी. पोलीस त्या यादीत फार खाली आहेत. हेल्पलाइन, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, वकील हे सगळे बाईला नंतर आठवतात. आधी आई, आई थकलेली असली तर ताई. तुमच्या बहिणीनं नळ सोडून पहिला फोन 181 या महिला हेल्पलाइनला लावला नव्हता. तुम्ही मात्र तिला तिकडे पाठवून दिलंत.

नंबराबद्दल फार बोलत नाही, कारण त्या वर्षी मीही याच स्तंभाखाली दर आठवड्याला नंबर छापत होते आणि आपण काहीतरी केलं असं समजून झोपत होते. तो तिच्या नवऱ्यानं वाचला, "यात माझा काय दोष?" असं तुम्ही विचारता. त्या रात्री त्या घरात काय झालं, हे तुम्ही कधी तिला विचारलंत? पत्रात नाही म्हणून विचारते.

(गौरी सोनपावलांनी घरात आणायची आणि खऱ्या माहेरवाशिणीला पास नाही, असा टोमणा जिभेवर आला होता. आवरला. सोपा आहे तो.)

भाताच्या मुदीकडे येऊ. तुम्हाला ती राग धरून बसली आहे असं वाटतं. मला तसं दिसत नाही. रागावलेली बहीण पानावर काहीतरी आपटते, नाहीतर वाढायलाच दुसऱ्या कुणाला पाठवते. ही आली, वरणासाठी खळगा करायला जागा ठेवून नीट मूद ठेवली आणि पुढे गेली. परक्या पाहुणीला वाढतात तसं. तुमच्याकडून तिला आता काही नको आहे, म्हणून आग्रहही नाही. ऑगस्टमध्ये चार-पाच वेळा वाजवून तिनं ठरवून टाकलं. तुम्ही संगमेश्वरहून परत आलात, फोनला रेंज आली, मिस्ड कॉल दिसले. मग? "त्यानंतर तिने फोन केला नाही," असं तुम्ही लिहिता. तुम्ही केलात का ताई?

तेव्हा पटवून द्यायचं सोडा. भावाला तर मुळीच मध्ये घालू नका. तो येईल, दोघींना समोरासमोर बसवील, "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणेल आणि दोन घास खाऊन गाडीत बसेल.

तुम्ही जा. या महिन्यात, एकट्या, एसटीनं. आता हद्दीवर कुणी अडवत नाही, आंतरजिल्हा पास 2 सप्टेंबर 2020 पासूनच बंद झाला. तुमच्या गणपती विसर्जनाला जेमतेम एक दिवस झाला होता, हेही सहज हिशेब करताना लक्षात आलं. तिथे पोचलात की एकच वाक्य बोलायचं: "पास मिळत नव्हता असं मी म्हटलं होतं, पण मी अर्जच केला नव्हता." त्याच्यापुढे "कारण" लावायचं नाही. सासूबाई नाही, साठीच्या वरची माणसं घरात होती हे नाही, रेंज तर नाहीच. ती गप्प बसेल, किंवा तुम्हाला दारातूनच परत पाठवील. परत या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

तुमच्या पत्रातलं "अजून तिथेच नांदते आहे" हे मला पासइतकंच खटकलंय. ही भूतकाळातली भांडणं नाहीत, ती आजही त्या घरात आहे. म्हणून जाताना काही गोष्टी डोक्यात ठेवून जा, पिशवीत कागद म्हणून नको. ती विचारेल तेव्हाच सांगायच्या.

तिला वाटत असेल की इतकी वर्षं झाली, आता कोण ऐकणार. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खालचा, कोर्टात दाद मागण्याचा अर्ज उशीर झाला म्हणून बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये स्पष्ट केलंय. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मी कुठे राहू, असं म्हणाली तर त्याच न्यायालयाचा ऑक्टोबर 2020चा निकाल आहे: नवऱ्यासोबत ती ज्या घरात नांदत आली ते सासरच्या माणसांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. म्हणजे भर कोरोनात, तुमची बहीण फोन करायचं थांबली त्यानंतर दोनच महिन्यांत, तिच्या बाजूचा एवढा मोठा निकाल लागला होता आणि तिला तो सांगायला कुणी नव्हतं. वकिलाची फी बाईला पडत नाही, नवऱ्याचं दुकान कितीही मोठं असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. आणि संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते पोलिसांनी तिला सांगायचं असतं, "मग बघू" म्हणायचं नसतं. या वेळी तिच्यासोबत ठाण्याच्या बाकावर तुम्ही बसलेल्या असाल तर ते सांगतीलही.

तिला यातलं काहीच नको असेल. मग तुमच्या घरी चार दिवस राहायला ये म्हणा, आणि आली तर मेहुण्यांचा विषय तिनं काढेपर्यंत काढू नका.

निघायच्या आधी तिला कळवायचं असेल तर दुपारी फोन करा, मेहुणे दुकानात असतील तेव्हा. "बरी आहेस का" एवढंच विचारा आणि येते म्हणा. पाण्याचा आवाज आला तर तिला बोलू द्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही पाठवू नका.

– मावशी