सगळ्यात लहान वयात विम्बल्डन कोणी जिंकलं? मार्टिना हिंगिसच ना?

अर्धं बरोबर आहे तुमचं. हिंगिस १९९६ ला जिंकली तेव्हा १५ वर्षं २८२ दिवसांची होती, पण ते डबल्स. सिंगल्स म्हणत असाल तर लॉटी डॉड, साल १८८७, वय १५ वर्षं २८५ दिवस. तीनच दिवसांचा फरक, म्हणून लोक गोंधळतात. सिंगल्समधला तिचा रेकॉर्ड मात्र अजून तसाच आहे.

मला स्वतःला वयापेक्षा तिच्या कपड्यांची गोष्ट जास्त आवडते. तेव्हा बायका घोट्यापर्यंत स्कर्ट, आत करकचून आवळलेला कॉर्सेट, वर हॅट असल्या थाटात खेळायच्या (त्यापेक्षा आपली नऊवारी परवडली, निदान कासोटा तरी मारता येतो!). लॉटी शाळकरी पोर म्हणून तिला पोटरीपर्यंतचा स्कर्ट चालून जायचा, त्यामुळे ती कोर्टभर पळायची. सर्व्हिस अंडरआर्मच करायची पण नेटजवळ येऊन व्हॉली आणि स्मॅश मारायची, जे बाकीच्या बायका फारसं करत नसत. घरी कापसाच्या व्यापाराचा बक्कळ पैसा आणि दारातच टेनिस कोर्ट, तेही आहेच म्हणा.

१८८७ ला समोर आदल्या वर्षीची चॅम्पियन ब्लांश बिंगली होती, ६-२, ६-० ने गार. मग १८८८, ९१, ९२, ९३, पाचही वेळा फायनलला लॉटीच जिंकली आणि पाचही वेळा हरली ती ब्लांशच, मधे लग्न होऊन हिलयार्ड झाली तरी नशीब काही बदललं नाही बिचारीचं. पण १८८९ ला लॉटी खेळायलाच आली नाही, स्कॉटलंडकडे बोटीवर फिरत होती म्हणे, तर त्या वर्षी कोण जिंकलं? ब्लांश! ९३ नंतर लॉटीने टेनिसच सोडलं, वय २१, लगेच ९४ ला परत ब्लांश. एकूण सहा वेळा चॅम्पियन झालेली बाई आहे ती, पण लॉटी असेल तर एकदाही नाही.

सोडलं ते काही हरून नाही. तिला एका खेळात करमायचंच नाही बहुतेक. पुढे इंग्लंडकडून हॉकी खेळली, १९०४ ला ब्रिटनची गोल्फ चॅम्पियन झाली, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला तिरंदाजीत सिल्व्हर. त्याच ऑलिंपिकला पुरुषांच्या तिरंदाजीत गोल्ड तिच्या सख्ख्या भावाला, विल्यमला.