कॅमेऱ्याची बॅग उचलली की काळू रडतो

*सप्रेम नमस्कार. मी नेरूळची, वय 58. बँकेतून निवृत्त झाल्यावर हौसेने कॅमेरा घेतला. पहिला हिवाळा फ्लेमिंगोंच्या मागे छान गेला. मग पाम बीच रोडवर गाडीखाली पाय सापडलेला कुत्रा, काळू, घरी आला आणि त्याच्या पाठोपाठ एका डोळ्याची मांजर, मनी. दोघांवर जीव जडलाय. पण आता कॅमेऱ्याची बॅग उचलली की काळू थरथरायला लागतो आणि मी लिफ्टपर्यंत पोचायच्या आत त्याचं रडणं सुरू होतं. शेजाऱ्यांनी सोसायटीकडे तक्रार केली आहे. घरातच फोटो काढावेत म्हटलं तर काळूच्या जागी नुसता काळा डाग येतो. पावसाळ्यात लेन्समध्ये जाळंही दिसायला लागलंय. हे म्हणतात, या वयात दोन-दोन खुळं कशाला, एक काहीतरी सोड. कॅमेरा विकू की काळूला दुसरं घर बघू? दोन्हींतून आनंद मिळेल असं वाटलं होतं, आता दोन्हींकडे पाहिलं की वैताग येतो.*
*– एक वाचक, नेरूळ*

ताई,

कॅमेरा विकू नका आणि काळूला कुठेही देऊ नका. तुमचा छंद आणि तुमचा कुत्रा एकमेकांच्या आड आलेले नाहीत. काळूच्या डोक्यात एक जोडणी चुकीची बसली आहे, एवढंच: बॅग उचलली म्हणजे ही बाई आता कितीतरी वेळ दिसणार नाही. बाजारात जाताना तुम्ही पिशवी घेता आणि अर्ध्या तासात येता. कॅमेऱ्याची बॅग घेऊन गेलात की चार तास येत नाही. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला हा फरक फार लवकर कळतो. जी जोडणी बसली ती सोडवताही येते, आणि पावसाळा त्यासाठी सोयीचा आहे, कारण फ्लेमिंगो येईपर्यंत तुम्हाला लांब कुठे जायचं नाही.

सुरुवात बॅगेचा अर्थ पुसण्यापासून करा. दिवसातून पाच-सहा वेळा बॅग उचला, सोफ्यावर ठेवा, चहा प्या, परत जागेवर ठेवा. कुठेही जाऊ नका. काळूशी बोलू नका, समजूतही घालू नका. काही दिवसांनी बॅग उचलल्यावर तो मान वर करेनासा झाला की पुढची पायरी घ्या: बॅग खांद्याला लावून दारापर्यंत जायचं, कडीला हात लावायचा आणि मागे फिरायचं. मग चपला घालून. मग दार उघडून. मग बाहेर पाच सेकंद.

बाहेर राहण्याचा वेळ वाढवताना बहुतेकांचं गणित चुकतं. दहा सेकंद, वीस, तीस, एक मिनिट असा जिना सरळ चढत गेलात तर कुत्र्याला प्रत्येक वेळ आधीपेक्षा कठीण जाते. म्हणून वेळा खालीवर ठेवा: तीस सेकंद, दहा, एक मिनिट, वीस सेकंद, दोन मिनिटं. घरात जुना मोबाइल व्हिडिओवर लावून ठेवा आणि रडणं नेमकं कितव्या मिनिटाला सुरू होतं ते पाहा. ते तिसऱ्या मिनिटाला होत असेल तर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला परत आलेलं असायला हवं. वीस-तीस मिनिटांचा टप्पा सर्वांत चिवट असतो. तो शांतपणे पार पडला की पुढची वाढ बहुधा मोठ्या टप्प्यांनी करता येते. मात्र सरावाच्या काळात एखाद्या रविवारी 'आज जमेल' म्हणून तीन तास निघून गेलात, तर केलेलं बरंचसं पुसलं जातं. या दिवसांत बाहेर जावंच लागलं तर घरात कुणीतरी हवं. यजमान, ओळखीची मावशी, समोरची कॉलेजात जाणारी मुलगी, कुणीही चालेल.

जाताना दही किंवा उकडलेलं चिकन भरून गोठवलेलं रबरी खेळणं जरूर द्या, पण तेच खेळणं तुम्ही घरात असतानाही अधूनमधून द्या. नाहीतर बॅगेऐवजी ते खेळणं दिसलं की काळू रडायला लागेल. परत आल्यावर रडल्याबद्दल रागावू नका. त्याला आपल्या रडण्याचा आणि तुमच्या रागाचा संबंध लागत नाही, फक्त तुमच्या येण्याचीही भीती बसते. सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. काळूला सोबत हवी आहे ती तुमची. पिंजऱ्यात कोंडणंही नको, घाबरलेला कुत्रा गज चावून दात मोडून घेतो.

आधी एक गोष्ट मात्र करून घ्या. त्याचा पाय डॉक्टरांना पुन्हा दाखवा. जुन्या दुखापतीचं दुखणं पावसाळी गारव्यात वाढलेलं असू शकतं, आणि दुखणाऱ्या अंगाने कुत्रा जास्त घाबरतो. रडण्याबरोबर तो लाळ गाळत असेल, दार ओरबाडून नखं रक्ताळून घेत असेल, तर तेही सांगा. अशा वेळी डॉक्टर भीती कमी करणारं औषध काही महिने देतात आणि त्याच्या आधाराने सराव लवकर लागू पडतो. औषध द्यावं लागलं म्हणून तुमचं काही चुकलं असं समजू नका. पण आपल्या डब्यातली गोळी कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवतं, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मनीचा जीव घेऊ शकते.

आता कॅमेरा. कुत्र्याच्या भाषेत टक लावून बघणं म्हणजे धमकी, आणि लेन्स हा पापणी न मिटणारा मोठा डोळा असतो. म्हणून कॅमेरा आधी जमिनीवर ठेवा, झाकण लावलेलाच, आणि त्याच्या आजूबाजूला खाऊचे बारीक तुकडे टाका. दुसऱ्या दिवशी कॅमेरा मांडीवर. मग डोळ्याला लावून लगेच खाली, आणि खाऊ. शटरचा आवाज सगळ्यात शेवटी, तोही पहिल्यांदा दुसऱ्या खोलीतून. आवाज न करणारा शटर तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर तोच चालू ठेवा. काळू जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला किंवा मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवायला लागला, तर त्याला पुरे झालंय. तिथे थांबा. एका वेळी पाच मिनिटं पुष्कळ झाली. फ्लॅश वापरूच नका. तो दचकतो आणि डोळे हिरवे-पिवळे चमकतात ते वेगळंच.

काळा डाग का येतो हे समजलं तर तुमचा अर्धा वैताग जाईल. कॅमेरा समोरचं सगळं सरासरीने मध्यम करड्या रंगाचं धरून प्रकाश ठरवतो. काळू उजळ खिडकीसमोर किंवा पांढऱ्या फरशीवर बसला असेल आणि चौकटीत लहान दिसत असेल, तर कॅमेरा त्या उजेडाकडे बघून फोटो गडद करतो, आणि काळूचा डाग होतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची +/− ची सोय) +0.7 ते +1 करा. उलट, तुम्ही जवळ जाऊन काळूच्या तोंडाने चौकट भरलीत तर कॅमेऱ्याला सगळंच काळं दिसतं, तो प्रकाश वाढवतो, आणि काळू राखाडी, धुरकट येतो. तेव्हा −0.7 ते −1. 'काळ्या कुत्र्यासाठी नेहमी वाढवा' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धंच खरं आहे.

खरा उपाय मात्र आकड्यांपेक्षा जागेत आहे. बाल्कनीच्या दारापासून चार-पाच फुटांवर जुनी मेंदी किंवा मातकट रंगाची चादर घाला. पांढरी नको, काळीही नको. उजेड काळूच्या एका बाजूने, थोडा पुढून यायला हवा. काळ्या अंगावर केसांची लकेर दिसते ती अशा तिरक्या उजेडामुळेच, आणि त्याच उजेडाने डोळ्यांत पांढरा ठिपका येतो. ठिपका नसला तर काळ्या तोंडात डोळे हरवतात. ऊन थेट येत असेल तर दारावर पांढरी ओढणी लावा. पावसाळी ढगाळ सकाळी ओढणीचीही गरज नाही, अख्खं आभाळच ते काम करतं. मागची भिंत शक्य तितकी लांब ठेवा.

कॅमेरा ए किंवा एव्ही मोडवर (यात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, आपण ठरवतो), ॲपर्चर एफ/4 (कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स असेल तर झूम केल्यावर एफ/5.6 मिळेल, चालेल), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल 3200, आणि ऑटो आयएसओच्या सेटिंगमध्ये शटरचा वेग किमान 1/250 सेकंद. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. नाकावर पडला तर फोटो गेला, कारण कुत्र्याचं नाक आणि डोळा यांच्यातलं अंतर आपल्यापेक्षा मोठं असतं. फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या. त्यासाठी गुडघ्यांवर बसायची सक्ती नाही. त्याला दिवाणावर बसवा आणि तुम्ही पाटावर बसा, किंवा कॅमेऱ्याचा पडदा वर वळवून कॅमेरा कमरेखाली धरा. सारखं नाव घेऊन हाका मारू नका, दोन-तीन हाकांनंतर तो बघणंच सोडतो. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज एकदाच करा, कान उभे राहतात ते दोन सेकंद पकडा, आणि मग बिस्किट नाही, त्याचा नेहमीचा खाऊ द्या.

मनीचं काम सोपं आहे. तिच्या दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूने जा, आधी बोला आणि मग जवळ व्हा. उजेडही त्याच बाजूने घ्या. मिटलेला डोळा लपवण्यासाठी कोन शोधत बसू नका, तिचा चेहरा तसाच सुंदर आहे.

जाळं म्हणजे बुरशी. हवेतला दमटपणा 60 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की ती धरते, आणि खाडीकाठच्या नेरूळमध्ये जुलैत तो त्याच्या बराच वर असतो. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च लावून बघा. दोन-चार तंतू असतील तर फोटोत फरक पडत नाही. धुरकट थर असेल तर उजेडासमोर काढलेले फोटो फिके येतील. स्वतः उघडू नका, लेन्स दुरुस्त करणाऱ्याकडून साफ करून घ्या. लवकर घ्या, कारण बुरशी काचेवरचा मूळचा लेप (कोटिंग) खाते आणि तो परत येत नाही. पुढे कॅमेरा त्या बॅगेत ठेवायचा नाही. बॅगेचं अस्तर ओल धरून ठेवतं. रबराची कडा असलेला 10–15 लिटरचा हवाबंद डबा घ्या, त्यात भोकांच्या डबीत पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 40 ते 50 मध्ये हवा. फार खाली गेला तर रबर आणि वंगण कोरडं पडतं. रंग बदलणारे निळे खडे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि घरात तोंड घालणारे दोघे आहेत. केशरी घ्या, तेही त्यांच्या हाती लागू देऊ नका. कपाटातल्यासारखा कापूर किंवा डांबरगोळ्या डब्यात अजिबात नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदूळही नको, त्याची पूड होते. काळूच्या केसांमुळे लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि पंखा बंद करा.

फ्लेमिंगोंना काळूला घेऊन जायचा मोह होईल. नका नेऊ. साखळीला बांधलेला शांत कुत्रासुद्धा पाखरांना शिकारीच वाटतो, आणि चरणारा थवा उठवला की त्यांची ताकद वाया जाते. ती सकाळ तुमची एकटीची राहू द्या, आणि काळूसाठी रोजची फेरी. तुमच्या सुदैवाने ही पाखरं घड्याळावर चालतात. भरतीला खाडीचा चिखल बुडला की ती नेरूळच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) तलावाकडे आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीकडे सरकतात. भरतीचं वेळापत्रक बघून तासभर आधी पोचलात तर दोन तासांत घरी येता. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोटही भरती बघूनच सुटते, आणि तिकीट काढल्यावर परतायची वेळ साधारण कळते. काळूला अडीच तास जमायला लागले की पहिली फेरी नेरूळच्या तलावाचीच करा. पाखरं साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मे महिन्यापर्यंत असतात, त्यामुळे घाई नाही.

सोसायटीबद्दल. कुत्रा पाळायला किंवा त्याला लिफ्टमधून न्यायला सोसायटी बंदी घालू शकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीच्या रेबीज लसीचा दाखला फाइलमध्ये ठेवा. पण कायदा दाखवून सुरुवात करू नका, कारण काळूचं रडणं शेजाऱ्यांना खरोखरच त्रासाचं आहे. त्यांच्याकडे जा, काय सराव चालू आहे ते सांगा आणि आवाज कधी येतो ते कळवायची विनंती करा. ज्याला विचारलं जातं तो माणूस सहसा तक्रार पुढे रेटत नाही.

यजमानांशी वाद घालत बसू नका, त्यांना एक काम द्या. संध्याकाळचं जेवण आणि दहा मिनिटांचा खेळ त्यांनीच द्यायचा, तुम्ही त्या वेळी आतल्या खोलीत. काळूचा सगळा जीव एकट्या तुमच्यात अडकलाय म्हणून तर तुमचं उठणं त्याला भारी पडतं. घरात दुसरं माणूस आपलं वाटायला लागलं की तुमची सुटका होईल, आणि यजमानांचं मतही बहुधा वादाने नव्हे, याने बदलेल.

आणि आनंदाचं विचारलंत. तो हरवलाय कारण कितीतरी दिवस तुम्ही दोन्हीकडे फक्त अडचणी निस्तरताय. महिनाभर चांगला फोटो काढायचा नाही असं ठरवा. रोज एकच, कसाही: झोपेत हलणारा पंजा, मनीच्या मिशा, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले ठसे. हात बसला की ठाण्यातल्या एसपीसीएसारख्या प्राण्यांच्या आसऱ्याच्या ठिकाणी विचारा, दत्तक जायची वाट पाहणाऱ्यांचे फोटो हवे आहेत का. प्रत्येकाचे तीन लागतात: डोळ्यांच्या उंचीवरून चेहरा, बाजूने पूर्ण उभा, आणि आकार कळावा म्हणून माणसाशेजारी. गज आणि साखळी चौकटीत येऊ देऊ नका, जखम मात्र झाकू नका, नेणाऱ्याला ती माहीत हवी. काळी कुत्री तिथेही असणार, आणि त्यांचे फोटोही बहुतेक वेळा डागासारखेच निघतात. तोवर तुम्हाला ते नीट काढता येत असेल.